फ्राऊ ब्रेंडले यांचं वाक्य

फ्राऊ ब्रेंडले यांना जर्मनीच्या कायद्यात फक्त एक वाक्य वाढवून हवं होतं. ते त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: "परवान्याचं शस्त्र बाळगणाऱ्या माणसाने कुणाला धमकी दिल्याची लेखी तक्रार आली, तर त्याची शस्त्रं एका दिवसाच्या आत ताब्यात घ्यावीत आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत परत देऊ नयेत." बस, एवढंच. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं राहिले. त्या सहा वर्षांत हे वाक्य मी टाइप केलं, त्याच्या प्रती काढल्या, बाजारात उभं राहून लोकांना वाचायला दिलं. पण पहिलं दीड वर्ष मी त्याखाली सही केली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहीन त्यात माझा भाव उगाच वाढायला नको.

मी मेहकरची. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आई सातवीपर्यंत शिकलेली, घरातली पहिली पदवी माझी. शिष्यवृत्तीवर जर्मनीत शिकायला आले आणि शिक्षण संपल्यावर गेर्लिंगेनमधल्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. घर मिळालं ते तीन मजली इमारतीत सगळ्यात वरचं. तळमजल्यावर हेर फोग्ट, निवृत्त टूलमेकर. मधल्या मजल्यावर फ्राऊ ब्रेंडले. तिथे आडनावाआधी पुरुषाला हेर म्हणतात आणि बाईला फ्राऊ.

आमची ओळख भांडणानेच झाली म्हणायची. त्या भागात केरवोखे नावाची पद्धत आहे. नावातच केर आहे, त्यामुळे मला ते लवकर पाठ झालं. दर आठवड्याला एका घराने जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. एका रविवारी माझ्या दाराला पाटी दिसली. कुणाची तरी चुकून इथे राहिली असेल असं वाटून मी ती खाली नेऊन फ्राऊ ब्रेंडले यांच्या दाराला लावली. सोमवारी ती परत माझ्या दाराला. मंगळवारी मी पुन्हा खाली लावली. चार दिवस आम्ही दोघी एकमेकींचं तोंड न बघता पाटीची देवाणघेवाण करत होतो. पाचव्या दिवशी पाटीला एक कागद टाचलेला होता. झाडू कुठे, बादली कुठे, कठडा कोणत्या फडक्याने पुसायचा, कुठल्या पायरीला तडा आहे, सगळं टाइप करून, क्रमांक घालून. खाली तारीख आणि सही.

मी ओशाळून माफी मागायला गेले. दारात एक उंच, सडपातळ बाई, करडे आखूड केस, कानावर पेन्सिल.

"तोंडी सांगितलेलं जिन्यात हरवतं, फ्राऊ याधव," त्या म्हणाल्या. जाधवचं याधव तेव्हा झालं ते कायमचं. "म्हणून मी लिहून देते. तुम्ही इंजिनिअर ना?"

"हो."

"मग पायरीचा कोपरा चौकोनी असतो हे तुम्हाला माहीत असेल. तुम्ही गोल झाडता."

चाळीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या कचेरीत काम केलं होतं. घरातसुद्धा त्या कचेरीतल्यासारख्याच वागत. मुरंब्याच्या बरणीवर तारीख. दिवा बदलला की त्याच्या बुडाला पेन्सिलने तारीख. फोनवर कुणाशीही बोलल्या की वहीत वेळ आणि नाव. समोरच्याने "बघतो" म्हटलं की त्या शांतपणे विचारत, "आणि आपलं नाव काय म्हणालात?" हा प्रश्न त्यांनी गॅसवाल्याला, पोस्टमनला, एकदा तर चर्चच्या पाद्र्यालाही विचारलेला मी ऐकला आहे. तेरा वर्षं पाद्री त्यांना ओळखत होता. "हो, ठाऊक आहे," त्या मला म्हणाल्या, "पण नाव विचारलं की माणूस सरळ उभा राहतो."

त्यांना मुलगी होती हे मला वर्षभर माहीत नव्हतं. कळलं ते माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

मार्च महिना होता. कामावरून आले तर त्यांचं दार उघडं. आत टेबलावर केक, एक मेणबत्ती, फुलं, तीनचार बायका, इस्त्रीच्या शर्टात हेर फोग्ट. आपल्याकडे केक आणि मेणबत्ती म्हणजे दुसरं काय असणार? मी धावत वर गेले, आईने पाठवलेले बेसनाचे लाडू ताटलीत काढले आणि दारातूनच मोठ्याने म्हणाले, "हार्दिक अभिनंदन! जीवेत शरदः शतम्!" दुसरं अर्थात मराठी थाटात, टाळी वाजवून.

एका बाईने मान खाली घातली.

"बसा, फ्राऊ याधव," फ्राऊ ब्रेंडले म्हणाल्या. "माझ्या मुलीला जाऊन आज चार वर्षं झाली. हा केक तिच्या आवडीचा. लाल आंबट बेरींचा."

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मी वळणार तोच हेर फोग्ट यांनी उठून स्वतःची खुर्ची मला दिली. फ्राऊ ब्रेंडले यांनी लाडू घेतला, तुकडा तोडून खाल्ला, बराच वेळ चावत राहिल्या.

"यात काय आहे?"

"बेसन, तूप, साखर, वेलची."

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "कारीनला गोड आवडायचं."

नंतर जिन्यात हेर फोग्ट यांनी मला सगळं सांगितलं. कारीन चौतीस वर्षांची होती. लहान मुलांना बोलायला शिकवायची. लग्न करून उत्तरेकडे, दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. नवऱ्याला सोडून ती वेगळी राहायला लागली आणि त्याने धमक्या द्यायला सुरुवात केली. तो नेमबाजीच्या क्लबचा सदस्य होता. त्याच्याकडे रीतसर परवाना होता, चार शस्त्रं होती. एकदा ती कपडे आणायला जुन्या घरी गेली, ती परत आली नाही.

"कायद्याने सगळं बरोबर होतं," हेर फोग्ट म्हणाले. "शस्त्रं पोलादी कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं." थोडं थांबून ते म्हणाले, "किल्ली त्याच्याच खिशात होती."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. हेर फोग्ट स्वतः गावच्या नेमबाजीच्या क्लबात चाळीस वर्षं होते. त्यांच्याही तळघरात तसंच एक कपाट होतं. दोन पिस्तुलं, एक रायफल. ज्या घरात फ्राऊ ब्रेंडले राहत, जे घर त्या झाडत, त्याच घरात. याबद्दल त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. दर वर्षी एकदा मात्र त्या विचारत, "हेर फोग्ट, तुमचं क्लबमध्ये नाही ठेवता येणार?" आणि ते दर वर्षी म्हणत, "तिथे चोरी होते, फ्राऊ ब्रेंडले." मग त्या त्यांना बटाट्याचं सॅलड देत. तीस वर्षांच्या शेजारात दोघं एकमेकांना आडनावानेच हाक मारत.

दर शनिवारी सकाळी बाजारात, संसदेकडे करायच्या अर्जावर सह्या घ्यायला, त्यांचं छोटं टेबल असायचं. टेबल उचलून न्यायचं काम हेर फोग्ट यांचं. टेबल मांडून, पाय डुगडुगत नाहीत ना हे बघून ते पन्नास पावलं दूर, चीजवाल्याच्या गाडीआड उभे राहत. क्लबमधल्या कुणी बघितलं तर आपण चीज घेतोय. त्या काळात त्यांनी खाल्लेलं चीज डॉक्टरांना कळलं असतं तर काही खरं नव्हतं. "बघा," फ्राऊ ब्रेंडले मला हळूच म्हणत, "आमचा गुप्त पाठिंबा."

सह्या गोळा करायची त्यांची पद्धत अशी होती की सह्या कमीच व्हायच्या. कुणी हळहळून पेन उचललं की त्या कागदावर हात ठेवत. "आधी वाचा." एक बाई त्यांना मिठी मारून रडायला लागली, म्हणाली, तुमच्यासाठी मी कुठेही सही करीन. फ्राऊ ब्रेंडले यांनी तिला रुमाल दिला आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी नका करू. मला आता काही नको आहे. वाक्य वाचा, पटलं तर करा." ती बाई दुखावून निघून गेली.

"का जाऊ दिलंत?" मी विचारलं.

"दयेची सही टिकत नाही. उद्या कुणी तिला विचारलं, तुम्ही कशावर सही केली, तर ती म्हणेल एका बिचाऱ्या म्हातारीवर."

एकदा क्लबचा एक तगडा माणूस टेबलापुढे येऊन उभा राहिला. चेहरा लाल. "तुम्ही आम्हा सगळ्यांना खुनी ठरवता. मी तीस वर्षं नेम धरतोय, एक माशी मारली नाही!"

"मानते मी," त्या म्हणाल्या. "माझा जावईही तसाच होता, त्या दिवसापर्यंत. तुमच्यातला कोण, ते मला आधी कळत नाही. तुम्हाला कळतं?"

त्याने कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि गेला. पुन्हा आला नाही. फ्राऊ ब्रेंडले यांनी वहीत लिहिलं: "एक प्रत नेली."

मी टेबलामागे उभी राहायचे, प्रती द्यायचे, आणि स्वतः सही करायचे नाही. त्यांनी एकदाच कागद पुढे केला होता. मी म्हणाले, माझा व्हिसा आहे, मी परकी, वडिलांनी सांगितलंय. खरंच सांगितलं होतं. फोनवर बाबा म्हणाले होते, "बाई, आपण तिथं पाहुणे. घरच्या लोकायच्या भांडणात पाहुण्यानं पडू नये. आन् सरकारी कागदावर तर मुळीच सही करू नको." फ्राऊ ब्रेंडले यांनी कागद मागे घेतला. "वडील काळजी करतात. बरोबर आहे. करायलाच हवी," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या म्हणतील, अर्ज करायला नागरिक असावं लागत नाही. ते त्यांना माहीत होतं. बोलल्या नाहीत.

दीड वर्षाने कधीतरी बाबांशी बोलताना कारीनची गोष्ट निघाली. बाबा म्हणाले, "त्या बाईची पोरगी गेली, आन् तू माझं नाव सांगून सही नाही केली? अगं, मले विचारायचं तरी, कागद काह्याचा आहे म्हणून!"

शनिवारी मी सही केली. फ्राऊ ब्रेंडले म्हणाल्या, "वाचलंत ना?" मी म्हणाले, पाठ आहे. "तरी वाचा." मी त्यांच्यासमोर उभी राहून पुन्हा वाचलं.

पुढे इतर गावांतले लोकही आले, ऑनलाइन सह्या झाल्या, आणि बर्लिनला संसदेच्या समितीपुढे बोलायचं त्यांना बोलावणं आलं. पाच मिनिटं मिळणार होती. स्वयंपाकघरातल्या अंडी उकडायच्या घड्याळावर त्यांनी आठवडाभर सराव केला. मी आणि हेर फोग्ट श्रोते. घड्याळ वाजलं की त्या वाक्य अर्धवट सोडत आणि म्हणत, "अजून लांब आहे." हेर फोग्ट म्हणाले, "तो भाग काढा, जिथे तुम्ही क्लबवाल्यांचे आभार मानता." त्या म्हणाल्या, "तो राहील. टेबल तुम्हीच तर उचलता."

बर्लिनला मी सोबत गेले. रेल्वेत त्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर फाइल. बाहेर सपाट शेतं. एकाएकी, माझ्याकडे न बघता, त्या बोलायला लागल्या.

"तुम्हाला हेर फोग्ट यांनी सगळं सांगितलंय. एक गोष्ट त्यांना माहीत नाही." त्यांनी फाइलवरून हात फिरवला. "मी तिकडच्या शस्त्रपरवान्याच्या कचेरीला पत्र लिहिलं होतं. जावई धमक्या देतो, त्याची शस्त्रं काढून घ्या. त्यांनी पुरावा मागितला. मी दुसरं पत्र लिहिलं, कारीनच्या फोनवरचे निरोप जोडले. मग पोच आली. शिक्का, तारीख, फाइलचा क्रमांक."

त्या थांबल्या.

"चाळीस वर्षं मी असे क्रमांक दिले, फ्राऊ याधव. माझ्याकडे क्रमांक पडला की काम होतच असे. उशिरा होई, पण होई. मी कारीनला फोन केला. म्हटलं, फाइल झाली आहे, आता काळजी नको. ती म्हणाली, मग मी हिवाळ्याचे कपडे घेऊन येऊ का? मी म्हटलं, जा. ये घेऊन."

तिकीट तपासनीस आला. त्यांनी दोन्ही तिकिटं दाखवली, त्याला धन्यवाद म्हणाल्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "हे मी त्या पाच मिनिटांच्या भाषणात घातलेलं नाही. तिथे रडून चालणार नाही."

समितीपुढे त्या चार मिनिटं पन्नास सेकंद बोलल्या. आवाज एकदाही हलला नाही. सभ्य माणसं होती सगळी, त्यांनी नीट ऐकलं. सरकारकडून आलेल्या अधिकाऱ्याने सांगितलं की आत्ताच्या नियमांतही शस्त्रं काढून घेता येतात. फ्राऊ ब्रेंडले म्हणाल्या, "येतात. घेतलीच पाहिजेत असं नाही. जो अधिकारी घेत नाही, तोही नियमानेच वागतो. माझ्या मुलीच्या बाबतीत सगळे नियमाने वागले." मग सवयीने विचारलं, "आणि आपलं नाव काय म्हणालात?" नाव त्या माणसापुढे पाटीवर लिहिलेलंच होतं. त्याने उठून सांगितलं.

उत्तर यायला वर्षाच्या वर काळ गेला. अर्ज पुढील विचारासाठी संबंधित मंत्रालयाकडे पाठवण्यात आला आहे, असं त्यात होतं. मला आनंद झाला. फ्राऊ ब्रेंडले यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "कचेरीच्या भाषेत याचा अर्थ कपाट," त्या म्हणाल्या. "वरचा खण." त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्या मला म्हाताऱ्या दिसल्या.

त्याच महिन्यात हेर फोग्ट यांनी क्लबच्या वार्षिक सभेत उभं राहून ठराव मांडला, की सदस्यांची शस्त्रं क्लबात एकत्र, पहाऱ्यात ठेवावीत. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. ठरावाच्या बाजूने दोन हात वर झाले, त्यातला एक त्यांचाच. दुसऱ्या दिवशी ते फ्राऊ ब्रेंडले यांच्या दारात टोपी हातात घेऊन उभे होते. "पडला ठराव," म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी परवाना परत केला आणि कपाट रिकामं केलं. क्लबात त्यांच्याशी कुणी बोलेनासं झालं. फ्राऊ ब्रेंडले यांनी याबद्दल त्यांचे आभार मानल्याचं मी ऐकलं नाही. फक्त केरवोखेचं नवं वेळापत्रक टाइप झालं, त्यात हेर फोग्ट यांच्या जानेवारीतल्या बर्फाच्या पाळ्या त्यांनी स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या.

त्या पाळ्या काही त्यांना करता आल्या नाहीत. डिसेंबरात त्यांच्या पोटात गाठ निघाली. स्टुटगार्टच्या रुग्णालयात मी एक दिवसाआड जायचे आणि घरी आलेलं टपाल न्यायचे. त्यात एक हाताने लिहिलेलं पत्र होतं, दूरच्या एका गावातल्या बाईचं. तिच्या बहिणीने नवरा सोडला होता, नवऱ्याकडे परवान्याची दोन पिस्तुलं होती, तो म्हणत होता की नाताळ तिला दिसणार नाही. कचेरीला कळवलंय, पोच आली आहे, आता आम्ही काय करावं?

फ्राऊ ब्रेंडले यांनी पत्र खाली ठेवलं. "मला बसवा," म्हणाल्या. "आणि फोन द्या."

पुढे जे झालं ते आधी सांगते. त्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेल्या. मी तेव्हा मेहकरला, भावाच्या लग्नात होते. बातमी हेर फोग्ट यांनी कळवली. त्यांना फोनवर बोलायला जमत नाही, म्हणून त्यांनी मेल लिहिली, आयुष्यातली पहिली. पत्र लिहिणाऱ्या बाईची बहीण जिवंत आहे. कचेरीतला एक अधिकारी, फ्राऊ ब्रेंडले यांनी फोन केले त्याच दिवशी, चार वाजायच्या आत, दोन पोलिसांना घेऊन गेला आणि पिस्तुलं घेऊन आला. कायद्याने त्याच्यावर सक्ती नव्हती. तो गेला. ते वाक्य कायद्यात अजून नाही. शनिवारी टेबलामागे आता हेर फोग्ट बसतात, आणि मी.

पण मला त्या दिसतात त्या तशाच, त्या डिसेंबरातल्या दुपारी. माझं विमान संध्याकाळचं होतं, मी निरोप घ्यायला थांबले होते. पाठीशी तीन उशा, हाताला सलाईन, मनगटं काडीसारखी. सकाळपासून त्यांचा तो अकरावा फोन होता. पलीकडून त्यांना फाइलचा क्रमांक सांगितला जात असावा.

"क्रमांक नको," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण कचेरीतलाच होता. "क्रमांक माझ्याकडे आहे. मला माणूस हवा. आज तिथे कोण जाणार? किती वाजता?"

पलीकडच्याने थांबायला सांगितलं. फोनमधून संगीत वाजायला लागलं. मी वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला, म्हणाले, "येते मी. तीन आठवड्यांत परत येईन." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि तेवढ्यात संगीत थांबलं. त्यांनी एक बोट वर केलं, मला गप्प राहायला सांगण्यासाठी. मी तशीच मागे सरकत दारापर्यंत गेले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पेन्सिल कागदावर टेकवून त्या ऐकत होत्या.

"आणि आपलं नाव काय म्हणालात? के, आर, ए," त्या म्हणाल्या, "सावकाश सांगा, मी लिहून घेते आहे."